पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळी गेलात, तर एक दृश्य हमखास पाहायला मिळते. जयंतीचा मांडव, निळ्या पताका, आणि व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत मांडलेल्या गादीच्या खुर्च्या. त्यांवर गावचे पुढारी, तहसील कचेरीतले साहेब, बँकेचे व्यवस्थापक, दोन-तीन डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक बसलेले असतात. सत्कार होतात, शाली-नारळ होतात, भाषणे होतात. 'बाबासाहेब केवळ एका समाजाचे नव्हते, साऱ्या देशाचे होते' हे वाक्य किमान तीन वेळा म्हटले जाते. ते खरेच आहे. मग सूत्रसंचालक जाहीर करतो की, आता थोड्याच वेळात नाटकाला सुरुवात होत आहे. आणि पहिली रांग उठते. कुणाला उदगीरला जायचे असते, कुणाला दुसऱ्या कार्यक्रमाला, कुणाची जेवणाची वेळ झालेली असते. शाल घडी करून काखेत, नारळ पिशवीत, आणि मंडळी गाडीत. मागच्या सतरंजीवरची पोरेटोरे आणि बायका मग पुढे सरकतात, काही धीट पोरे त्या गादीच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात, आणि नाटक सुरू होते.

मी देवणीचा. आमच्या गावाचे नाव बाहेर ठाऊक आहे ते देवणी बैलांमुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे त्यांचे प्रकार आमच्याकडची लहान मुलेसुद्धा लांबून ओळखतात. नाटकासाठी काही गाव प्रसिद्ध नाही. पण मी आयुष्यभर मराठी शिकवले, हौशी रंगभूमीवर तोंडाला रंग फासला, आणि गेली तीसएक वर्षे जयंतीच्या मांडवात त्या उठणाऱ्या रांगेकडे पाहत आलो आहे. मी जन्माने दलित नाही. आमचे घर वरल्या गल्लीतले. त्यामुळे हा लेख दलित रंगभूमीविषयी जितका आहे, तितकाच तिच्यासमोर बसणाऱ्या आम्हा बाहेरच्या माणसांविषयी आहे. ज्यांना या रंगभूमीविषयी आस्था आहे, निदान वाटते असे जे म्हणतात, त्यांनी तिच्याशी वागावे कसे, हा माझा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधी मोकळेपणाने मान्य करावयास हवी. दलित कलावंताचा खेळ पाहणे ही सवर्ण समाजाला मुळीच नवी गोष्ट नाही. तमाशाचे फड कुणाचे होते? ढोलकी कुणाच्या हातात होती? महार, मांग, कोल्हाटी यांच्या कलेवर महाराष्ट्राची शेकडो वर्षे करमणूक झाली. रात्रभर सोंगाड्याच्या विनोदाला गावाने पोट धरून हसायचे, दौलतजादा करायची, आणि उजाडल्यावर त्याच सोंगाड्याने पाणी मागितले तर ते वरून ओंजळीत ओतायचे, असा तो व्यवहार होता. पाहणारा मालक होता आणि करणारा सेवक. म्हणजे प्रेक्षक होणे आपल्याला चांगले जमते. जमत नाही ते पाहुणा होणे. दुसऱ्याच्या घरी गेलेला माणूस जेवणात काय असावे हे सांगत नाही, आणि पान वाढल्यावर उठूनही जात नाही.

हा संबंध बदलला तो जलशांनी. तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकांनी आपले जलसे उभे केले, आणि पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गण-गौळणीची जागा बदलली, सोंगाड्याच्या तोंडी आता पाटलाची खुशामत राहिली नाही. पाणवठा, शाळा, मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडणे हे विषय आले. बाबासाहेबांच्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे त्या काळी बोलले जाई. महत्त्वाचे हे की जलशाचा प्रेक्षक बदलला. आता कलावंत आपल्याच माणसांशी बोलत होता. गावातले बाकीचे लोक ऐकत असतील तर कडेला उभे राहून.

तसे पाहिले तर याची मुळे आणखी मागे जातात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटकाचा खेळ केला, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापील स्वरूपात वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे! मराठी नाटकाच्या इतिहासाची जी पाठ्यपुस्तके मी वर्गात वापरली, त्यांतल्या बहुतेकांत या नाटकाला एखादे वाक्य मिळाले तर मिळाले.

पुढचा टप्पा आपल्या मराठवाड्यातला आहे, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी १९५५ साली 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. युगायुगांतून चालत आलेल्या अस्पृश्यतेचा तो प्रवास होता. विद्यार्थ्यांनी ते केले, बाबासाहेबांनी ते पाहिले, आणि १९५६ साली नागपूरला धर्मांतराच्या वेळी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या आरंभाची नोंद करताना बहुतेक अभ्यासक या नाटकाचे नाव घेतात. आणि चिटणीस जन्माने दलित नव्हते.

म्हणजे बाहेरच्या माणसाने या रंगभूमीवर पाय ठेवूच नये, असा नियम तिच्या जन्मावेळी तरी नव्हता. पण चिटणीसांची जागा नीट पाहा. ते मिलिंदमध्ये पाहुणे व्याख्याते म्हणून आलेले नव्हते, त्या पोरांमध्ये राहत होते, शिकवत होते. नाटक करणारे विद्यार्थी त्याच समाजातले होते, पाहणारेही त्याच समाजातले, आणि पहिल्या रांगेत साक्षात बाबासाहेब. एखादे वाक्य खोटे पडले असते तर ते तिथल्या तिथे लेखकाच्या पदरात पडले असते. ज्यांच्याविषयी आपण लिहितो ते समोर बसलेले असणे आणि त्यांना आपल्याला जाब विचारता येणे, ही बाहेरच्या लेखकाची खरी परीक्षा. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात, ज्यांच्याविषयी नाटक आहे त्यांच्यापैकी कुणीच तिकीट काढून बसलेले नसताना, ती परीक्षा होत नाही.

यानंतर मराठवाड्यात जे झाले ते घरोघरी ठाऊक आहे, पण मुलांना सांगितले जात नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आपला मुलूख पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जमावाने ठार मारले. पुढे पंधरा वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि आमची लातूरकडची महाविद्यालये तिकडे गेली. वरल्या गल्लीतल्या घरांत या सगळ्याची आठवण कशी काढली जाते? 'ते दंगलीचे साल' एवढ्या तीन शब्दांत. कोणी केली, कोणावर झाली, हे त्या तीन शब्दांत येत नाही. दलित रंगभूमीपुढे बसण्यात काही खरा अर्थ असेल तर तो येथे आहे. जे आपल्या घरात बोलले जात नाही ते तिथे बोलले जाते.

दत्ता भगत हे याच नांदेड जिल्ह्यातले. नांदेडच्या महाविद्यालयात ते मराठीचे प्राध्यापक होते. 'आवर्त' ही त्यांची एकांकिका आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले 'वाटा-पळवाटा' हे नाटक, या दोहोंनी दलित रंगभूमीला प्रौढ केले असे माझे मत आहे. 'वाटा-पळवाटा'त एकाच घरात तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात. बाबासाहेबांच्या काळात घडलेले काका, प्राध्यापक झालेला सतीश, आणि रस्त्यावरची लढाई मानणारा तरुण अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण घरातली. मी हे नाटक पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की, यात माझ्यासारख्याला उद्देशून जवळजवळ काहीच नाही. ना शिवी, ना विनवणी. शिकलेल्या दलिताने चळवळीचे काय करायचे, तडजोड कुठवर आणि पळवाट कुठून सुरू होते, हा त्यांचा घरातला वाद आहे. आपल्याला तो ऐकायला मिळतो.

आणि नेमके हेच आमच्या प्रेक्षकाला पचत नाही. त्याला दलित नाटकात दोनच गोष्टी अपेक्षित असतात. एक तर अश्रू, म्हणजे त्याला हळहळता येते. किंवा संताप, म्हणजे 'फार आक्रस्ताळे आहे बुवा' म्हणून हात झटकता येतात. दलित पात्रे आपसात मतभेद करू लागली, त्यांच्यात एखादा ढोंगी निघाला, एखादा नुसताच विनोदी निघाला, प्रेमात पडला, की तो गोंधळतो. संजय पवारांचे 'कोण म्हणतो टक्का दिला?' तर राखीव जागांच्या प्रश्नावर चक्क हसवते. सवर्ण कुटुंबांनी आपल्या घरात मागासवर्गीयाला ठेवून घेतलेच पाहिजे, असा कायदा झाला तर काय होईल, या कल्पनेवर ते उभे आहे. या हसण्यात प्रेक्षकाला बरोबर ठाऊक असते की आपण कोणाला हसतो आहोत. माझ्या मते सवर्ण प्रेक्षकाला रडवण्यापेक्षा स्वतःवर हसायला लावणे अवघड, आणि जास्त उपयोगाचे.

आमच्या गल्लीतले एक अप्पा माझ्याबरोबर एका वर्षी नाटकाला शेवटपर्यंत बसले. नाटकात चहाच्या टपरीवर वेगळ्या ठेवलेल्या कपबशीचा प्रसंग होता. परतताना अप्पा म्हणाले, "गुरुजी, नाटक चांगलं होतं, पण आता असं कुठं राहिलंय हो?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की तो छापून भिंतीवर लावता येईल. प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. अप्पा तर मुळीच नाहीत. पण कपबशी गेली हे ठरवायचे कोणी? जिच्यातून चहा मिळाला त्याने, की ज्याला ती कधी दिसलीच नाही त्याने? आमच्या भागात बसवण्णांचे नाव घरोघरी आहे. बसवकल्याण येथून लांब नाही. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न शरणांनी बाराव्या शतकात लावले, त्यापायी कल्याणात रक्त सांडले, ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. गिरीश कर्नाडांनी १९९० साली तिच्यावर 'तलेदंड' लिहिले. आणि तसले लग्न आज आमच्या गल्लीत निघाले तर? अप्पांना मी एवढेच विचारले. त्यांनी विषय बदलून सोयाबीनच्या भावावर नेला.

आता विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'विषयी. बाहेरच्या लेखकाचा प्रश्न त्यावाचून पुरा होत नाही. १९८३ चे हे नाटक. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार, त्यांची मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारहाण करतो. दलित कार्यकर्त्यांत या नाटकाविषयी तीव्र नाराजी होती. या नाटकापायी आपल्यावर चप्पल भिरकावली गेली होती, हे तेंडुलकरांनी स्वतः सांगितले, तेही याच नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान स्वीकारताना. चप्पल फेकणे मला मान्य नाही. नाटककाराला कोणत्याही माणसाविषयी लिहिण्याचा हक्क आहे. पण राग आलेल्यांना राग येण्याचाही हक्क होता, हे आपण सहसा पुढे म्हणत नाही. ज्या काळात मोठ्या रंगमंचावर दलित नायक दिसतच नव्हता, त्या काळात जो एक दिसला तो बायकोला लाथा घालणारा. माझे स्वतःचे मत विचाराल तर 'कन्यादान'मध्ये जे उत्तम आहे ते सगळे नाथ देवळालीकरांचे आहे. आदर्शापायी पोटच्या पोरीला संकटात लोटणारा, भाषण ठोकणारा, आणि मग आतून मोडणारा तो सवर्ण सुधारक तेंडुलकरांना हाडामांसासकट माहीत होता. अरुण आठवले मात्र त्या दिवाणखान्यात बाहेरून आलेला आहे, आणि नाटकभर बाहेरचाच राहतो. बाहेरच्या लेखकाचा पक्का विषय त्याच्या स्वतःच्या घरात असतो, हे इतक्या मोठ्या नाटककाराच्या बाबतीतही दिसले.

याच्या उलट दिशेचा प्रवासही आपल्याकडे झाला आहे. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही दोन पात्रांची एकांकिका १९७७ ची. महाविद्यालयात नाटक केलेल्या दर दुसऱ्या माणसाने ती केली तरी आहे किंवा पाहिली तरी आहे. याच गज्वींनी पुढे 'किरवंत' लिहिले. ते स्मशानातले विधी करणाऱ्या आणि त्यापायी ब्राह्मणांतच हीन मानल्या गेलेल्या किरवंतांविषयी. एका दलित नाटककाराला ब्राह्मणांतली अस्पृश्यता दिसली, आणि डॉ. श्रीराम लागूंनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ते नाटक रंगमंचावर आणले. 'तुम्हाला आमच्या घरातले काय कळते' असे म्हणून कोणी गज्वींना दार लावले नाही, हे चांगलेच झाले. २०१९ साली नागपूरला झालेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

हा पेच केवळ आपल्या मातीतला नाही. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच अमेरिकेत मेक्सिकोकडून आलेल्या मजुरांचेही एक नाटक होते, त्याची आपल्याला फारशी ओळख नाही. १९६५ साली कॅलिफोर्नियात डेलानो येथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी संप केला. लुइस वाल्देझ या तरुणाने त्या संपकऱ्यांनाच नट बनवून 'एल तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांचे नाटक, उभे केले. मालमोटारीच्या उघड्या हौद्याचा रंगमंच, नेपथ्य शून्य, गळ्यात पाटी अडकवली की कोणी मालक, कोणी संपफोड्या. आमच्याकडे जलशासाठी दोन बैलगाड्या जोडून फळ्या टाकत, त्याची हटकून आठवण यावी. याच वाल्देझचे 'झूट सूट' १९७९ साली ब्रॉडवेवर पोहोचले.

तिकडचा अलीकडचा एक वाद आपल्याला फार उपयोगी पडेल. 'इन द हाइट्स' ही न्यूयॉर्कमधल्या लॅटिनो वस्तीवरची संगीतिका. शिकागोच्या एका नाट्यसंस्थेने २०१६ साली ती करायला घेतली आणि नायकाची भूमिका लॅटिनो नसलेल्या नटाला दिली. मोठा गहजब झाला. 'नटाने दुसऱ्याचे सोंग घ्यायचे नाही तर काय करायचे?' असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे साधे होते. इतर शंभर नाटकांत आम्हाला दार बंद असते, आमच्या वस्तीवरचे हे एक नाटक, त्याचेही दार तुम्ही घेणार? मला दुसरी बाजू पटते. सोंग घेण्याच्या कलेशी त्या बाजूचे भांडण नव्हते, दारांच्या संख्येशी होते.

हे मी सांगतो याला कारण आमचे युवक महोत्सव. विद्यापीठांच्या आणि खाजगी एकांकिका स्पर्धांत गेली कित्येक वर्षे एक गोष्ट पाहतो आहे. दलित विषयाची एकांकिका बक्षीस मिळवते, असा समज पसरला आहे. मग ज्या महाविद्यालयाच्या नाट्यसंघात वस्तीतला एकही मुलगा नाही, तेही हा विषय उचलते. चेहऱ्याला काळा रंग फासतात, फाटके कपडे घालतात, आणि ग्रामीण म्हणून जी बोली बोलतात ती ना देवणीची, ना उदगीरची, ना जगातल्या कुठल्या गावची. शेवटी मशाली, लाल प्रकाश, आरोळी. ढाल मिळते. त्याच महाविद्यालयातला वस्तीतला मुलगा त्या वेळी कुठे असतो? बहुधा पडदा ओढायला. या मुलांच्या हेतूंविषयी मला शंका नाही, त्यांच्या प्राध्यापकांना मात्र एक विचारावेसे वाटते की, तालमीआधी एकदा तरी वस्तीत जाऊन संहिता वाचून दाखवली होती का?

बोलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडच्या भीमनगरातला एक तरुण शिक्षक दरवर्षी नाटक बसवतो. त्याने मला एकदा तालमीला बोलावले आणि दारातच अट घातली. "गुरुजी, या, बसा, चहा घ्या. पर मधी बोलू नका." मी म्हटले, "का रे बाबा?" तर म्हणाला, "तुम्ही बोललाव की पोरं तुमच्याकडं बघून बोलाय लागतेत. त्यानला एकमेकांकडं बघून बोलायचंय." दिग्दर्शनाचा याहून मोलाचा धडा मी कुठल्या शिबिरात ऐकला नाही. तासभर गप्प बसलो. ती मुले देवणीची अस्सल बोली बोलत होती, कानडीचा हेल असलेली, 'काय करलालाव'वाली. स्पर्धेला गेली तर परीक्षक त्यांचे 'वाचिक अशुद्ध' म्हणून गुण कापतील, ही भीती त्यांना आहे, आणि ती खोटी नाही. परीक्षकांच्या खुर्चीत आमच्यासारखेच बसतात. बाहेरच्या माणसाला खरी मदत करावयाची असेल तर ती येथे करता येईल. गुणपत्रिकेतला हा रकाना कोणाच्या जिभेवर बेतला आहे, एवढे परीक्षकांच्या बैठकीत विचारायचे. तसेच शाळेचे सभागृह तालमीला उघडून द्यायचे, वाचनालयाच्या यादीत या संहिता घालायच्या, तिकीट लावले असेल तर पासाची वाट न पाहता ते विकत घ्यायचे. मित्र म्हणवणाऱ्यांना व्यासपीठावर बोलायला आवडते, पण व्यासपीठाच्या भाड्याचे काम पाहायला कोणी मिळत नाही.

आणखी एका बाबतीत जिभेला लगाम हवा. या रंगभूमीला म्हणावे काय? कोणी दलित म्हणतात, कोणी आंबेडकरी, कोणी बौद्ध. गज्वी 'बोधी' हा शब्द धरून आहेत आणि त्यांनी बोधी नाट्य परिषदही काढली. अमेरिकेतही असेच आहे. हिस्पॅनिक, चिकानो, लॅटिनो अशी नावे बदलत गेली, अलीकडे स्त्री-पुरुष भेद टाळणारा एक नवा शब्द आला, आणि त्यावरून त्यांच्यातच मतभेद आहेत. बाहेरच्याने असल्या वादात पंच होऊ नये. समोरचा स्वतःला जे म्हणतो ते म्हणावे. याहून नाजूक गोष्ट म्हणजे, ज्याला आपण घाऊक शब्दात 'दलित समाज' म्हणतो तो एकजिनसी नाही. लातूर-नांदेडकडे मातंग समाज मोठा आहे. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीचा मांडव पडतो, तिथली गाणी, तिथली नाटके, तिथले दुखणे वेगळे असते. २०२४ साली नेमक्या १ ऑगस्टलाच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, आणि त्यानंतर या भागात दोन्ही वस्त्यांमध्ये त्यावर बरीच घुसळण चालू आहे. यंदाच्या नाटकांतही ती उतरते आहे. अशा वेळी वरल्या गल्लीतली काही मंडळी मोठ्या आवडीने विचारतात, "मग, तुमच्यात जुंपली म्हणे?" असल्या आवडीला आस्था म्हणत नाहीत.

आदर म्हणजे सगळे गोड मानून घेणे असेही मला वाटत नाही. वाईट नाटकाला वाईट म्हणता आले पाहिजे. जयंतीच्या मांडवात मी लांबलेली, भाषणबाज, दिग्दर्शनात ढिसाळ नाटके पुष्कळ पाहिली आहेत. अशा वेळी 'त्यांच्या मानाने छान' असा जो शेरा आमच्या तोंडून निघतो, त्याच्याइतका अपमान शिवीतही नसेल. दुसरा अंक ढिला आहे, शेवटचे भाषण काढून टाका, असे सांगणे हा बरोबरीचा व्यवहार झाला. फक्त ते सांगण्याआधी नाटक पूर्ण पाहिलेले असावे, आणि कोणी विचारलेले असावे. आमच्या वर्तमानपत्रांनीही येथे आपला वाटा उचलायला हवा. जयंतीच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांची अकरा नावे छापून येतात, नाटककाराचे नाव नसते.

तो तरुण शिक्षक यंदा स्वतः लिहिलेले नाटक करतो आहे. त्यात एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत, जे दर दोन वाक्यांनंतर 'आम्ही तर कधी जात पाळली नाही' असे म्हणतात. त्या भूमिकेसाठी तो परवा माझे खादीचे जाकीट आणि चष्म्याची जुनी चौकट मागून घेऊन गेला. जाकिटाची एक गुंडी तुटकी होती. तशीच राहू द्या म्हणाला, बरी दिसते.